सहाशे खाडे

डॉक्टर रेहाना मुजावर यांनी पंधरा शब्द वाचले. विहीर, चाळण, कोयता, गोधडी, असे घरातले, शिवारातले शब्द. प्रत्येक शब्दानंतर त्या दोन सेकंद थांबत होत्या. समोर सारिका खोत बसली होती. वय त्रेचाळीस, डोक्यावर हेल्मेटसारखी पांढरी टोपी, हात मांडीवर घट्ट धरलेले. वाचून झाल्यावर तिनं आठवले तेवढे शब्द सांगितले. नऊ झाले.

"सहा गेले," ती स्वतःच म्हणाली. "दरवेळी जातात."

अशा परीक्षा तिनं याआधी तीनदा दिल्या होत्या. पहिली वयाच्या बाविसाव्या वर्षी, जिल्ह्याच्या गावातल्या एका दवाखान्यात. तेव्हा कागदावर शेरा आला होता : अपस्मार, व्यापक बौद्धिक कमतरता. त्या एका ओळीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं होतं. नवऱ्यानं सोडलं. तासगावच्या पुढच्या आपल्या गावी ती भावाकडे परत आली आणि बेदाण्याच्या शेडमध्ये बायकांच्या शेवटच्या रांगेत बसून काड्या-खडे निवडू लागली. गावात तिला कोणी वाईट वागवत नव्हतं. फक्त तिच्याशी बोलताना लोक आवाज थोडा चढवत आणि वाक्यं छोटी करत.

डॉक्टर मुजावर यांनी नऊचा आकडा कुठंच लिहिला नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "सारिकाताई, ते सहा शब्द तुम्ही विसरलात, की ते तुम्हाला ऐकूच आले नाहीत?"

सारिकानं त्यांच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"ऐकूच आले नाहीत," ती म्हणाली.

मिरजेच्या या नव्या मेंदू-निदान केंद्रात ती आली होती ती थोरल्या भावाच्या हट्टानं. हणमंत एकावन्न वर्षांचा होता. त्यानं लग्न केलं नव्हतं. फिट येणारी बहीण घरात आहे म्हटल्यावर दोन स्थळं परत गेली, मग त्यानंच विषय बंद केला. तिच्या गोळ्यांच्या वेळा तोच बघायचा, फिट आली की तोच तिला कुशीवर वळवायचा. त्या दिवशी तो काचेच्या पलीकडे बसला होता, कारण आतल्या खोलीत कसलीही धातूची वस्तू न्यायला बंदी होती आणि हणमंतच्या मांडीत जुन्या अपघाताची सळई होती.

खोलीला धातूच्या जाड भिंती होत्या, बाहेरच्या जगाचं चुंबकत्व आत शिरू नये म्हणून. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. जुन्या तपासणीत डोक्यावर तारा चिकटवून ती वीज मोजत. पण कवटी म्हणजे जाड भिंत. भिंतीपलीकडच्या घरात कोणी ओरडलं तर कळतं, कुजबुजलेलं कळत नाही. सारिकाच्या मोठ्या फिट्स त्या तारांना दिसत. मेंदूच्या पोटात खोलवर काय कुजबुज चालते ते दिसत नसे. विजेभोवती मात्र अतिशय क्षीण चुंबकत्व असतं आणि त्याला कवटी अडवत नाही. या पांढऱ्या टोपीत काचेच्या शंभरएक बारीक कुप्या होत्या. प्रत्येक कुपीत धातूची वाफ आणि त्या वाफेतून जाणारा लेसरचा किरण. मेंदूतलं चुंबकत्व तसूभर बदललं तरी वाफेतले अणू डुलत, किरण मंद होई आणि एका सेकंदात हजार वेळा त्याची नोंद होई.

तीन दिवस, रोज चार तास, सारिका ती टोपी घालून बसली. तिनं चित्रं जुळवली, आकडे उलटे म्हटले, गोष्टी ऐकून परत सांगितल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं.

पडद्यावर एक लांबच लांब निळी पट्टी होती. पट्टीवर जागोजागी काळ्या रेघा.

"या रेघा बघा," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूत खोलवर एक ठिणगी पडते. फिट येण्याइतकी मोठी नाही. डोळे उघडे राहतात, हात चालू राहतात, बाहेरून कोणाला काही कळत नाही. पण तेवढा वेळ आत काही नोंदवलं जात नाही. कधी एक सेकंद, कधी दीड. बारा तासांत अशा सहाशे जागा सापडल्या."

सारिका पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी खाडे करते."

"खाडे?"

"शेडमध्ये एखादी बाई कामावर आली नाही की तिचा खाडा लावतात."

डॉक्टर हसल्या. "हो. दिवसाला आठशे तरी खाडे. सगळे मिळून सतरा मिनिटं. आणि कोणी परीक्षा घेतंय असं वाटलं, मन ताणलं, की ते गर्दी करतात. म्हणजे जितकी परीक्षा कडक तितके खाडे जास्त. आम्ही अपस्माराच्या रुग्णांच्या बुद्धीची पाच अंगांनी तपासणी करतो. स्मरण, भाषा, अवधान, नियोजन आणि आकार-जागेची समज. किती अंगं कमी पडतात त्यावरून रुग्णाचा वर्ग ठरतो. तुमची जुन्या कागदांवर पाचही कमी होती. आता ज्या प्रश्नांच्या वेळी ठिणगी पडली तेवढेच मी बाजूला काढले आणि उरलेले तपासले."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. हणमंतनं तो हातात घेतला, पण त्याला वाचता येईना, डोळे भरभर फिरत होते. "काय म्हणतोय कागद?" त्यानं विचारलं.

"पाचही अंगं शाबूत आहेत, हणमंतराव. भाषा आणि स्मरण तर सरासरीच्या पुष्कळ वर."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकाचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकू आला.

"मग आधीच्या डॉक्टरांनी..." हणमंतनं सुरुवात केली.

"त्यांची चूक म्हणता येणार नाही. जे शब्द कानापलीकडे गेलेच नाहीत ते आठवणार कुठून? आणि ते गेले नाहीत हे दिसायचं साधन तेव्हा नव्हतं." डॉक्टरांनी पडद्यावरची पट्टी मोठी केली. आता प्रत्येक काळ्या रेघेमागे एक केशरी ठिपका उमटलेला दिसत होता. "मला तीन रात्री झोप लागू दिली नाही ती यानं. प्रत्येक खाड्यानंतर, पापणी लवायच्या आत, मेंदूचा उजवा भाग पेटतो. गेलेल्या सेकंदात काय झालं असेल याचा अंदाज बांधतो आणि ती फट बुजवतो. आपण सगळेच थोडंफार हे करतो. डोळे मिटले-उघडले तरी जग काळं झालेलं आपल्याला जाणवत नाही, ते मेंदू भरून काढतो म्हणून. पण दिवसातून आठशे वेळा, पुढच्या माणसाला पत्ता लागू न देता, वर्षानुवर्षं... ताई, असा मेंदू मी आजवर पाहिलेला नाही."

त्यांनी हे म्हणताना नकळत टेबलावरचे हात जोडल्यासारखे केले होते. सारिकानं ते पाहिलं आणि नजर खाली घेतली.

एक तपासणी बाकी होती. शब्दांच्या याद्या परक्या असतात, स्वतःच्या आयुष्यातलं आठवताना मेंदू वेगळा चालतो, आणि माणूस आठवतोय की रचून सांगतोय हा फरक टोपीला दिसतो. त्यासाठी हणमंतनं त्याच्या पक्क्या लक्षात असलेले दोन जुने दिवस कागदावर लिहून द्यायचे होते आणि तिसरा दिवस सारिकानं निवडायचा होता. हणमंतनं बोअरला पाणी लागलं तो दिवस लिहिला आणि वडिलांच्या तेराव्याचा. सारिकानं दोन्ही सांगितले. बोअरच्या दिवशी पाण्याआधी लाल चिखल उडाला होता आणि तो हणमंतच्या बनियनवर बसला होता, हे तो स्वतःसुद्धा विसरला होता.

"आता तुमचा दिवस," काचेपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

सारिका बोलायला लागली.

"गुरुवार होता. दादाच्या अंगावर निळा शर्ट होता. वकिलाच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. सासू, सासरे, दादा, मी. वकिलानं कागद वाचून दाखवला. 'सदर महिलेस वारंवार आकडी येते. तिची बुद्धी अपत्याचा सांभाळ करण्याइतपत सक्षम नाही, हे मी तिचा सख्खा भाऊ या नात्याने प्रतिज्ञेवर लिहून देतो.' दादाचं पेन उमटेना. त्यानं कागदाच्या कोपऱ्यात दोन-तीन रेघोट्या ओढल्या. मग वकिलाचं पेन घेतलं. सही झाल्यावर सासू माझ्याजवळ आली. बाळ माझ्या मांडीवर होतं. नऊ महिन्यांचं. त्यानं माझा पदर मुठीत धरला होता. तो सोडवायला सासूला एकेक करून तीन बोटं उघडावी लागली."

काचेपलीकडे हणमंत उभा राहिला होता. तो पुन्हा खाली बसला.

"तो दिवस मला सलग दिसतो, मॅडम," सारिका म्हणाली. "त्यात एकही खाडा नाही."

डॉक्टर मुजावर यांच्या पडद्यावर मेंदूचा खोल भाग एखाद्या गावात संध्याकाळी एकेक दिवा लागावा तसा उजळत गेला होता, आणि तो अजून विझत नव्हता. यंत्राचा निर्वाळा स्पष्ट होता. रचलेलं काहीही नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या हणमंतकडे पाहिलं आणि ध्वनिक्षेपक बंद केला.

गावी परतताना बसमध्ये भाऊ-बहीण शेजारी बसली. बस विजेवर चालणारी होती, इंजिनाचा आवाज नव्हता, त्यामुळे न बोलणं अधिकच जाणवत होतं. कवलापूर मागे पडल्यावर हणमंत म्हणाला, "तुला सगळं ठाऊक होतं."

"व्हय."

"मला वाटायचं तुझ्या ध्यानात काही राहिलं नसंल. देवाची कृपा म्हणायचो मी. हिला आठवत नाही ते बरं, म्हणायचो."

"मला ठाऊक आहे तू म्हणायचास."

"मग बोलली का नाहीस कधी? एकवीस वर्षं?"

सारिकानं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "कुणी विचारलं नाही, दादा. आणि बोलले असते तर तू मला बरी समजला नसतास. आजारात बडबडते म्हणाला असतास."

हणमंतनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि गाव येईपर्यंत तसाच बसला. दुसऱ्या दिवशी तो द्राक्षबागेत गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ताट बाजूला सारून विचारलं, "तुझा राग असंल माझ्यावर."

"होता," सारिका म्हणाली. "पहिली पाच-सहा वर्षं लई होता. तू माझं पोर दिलंस. पण कागद खोटा होता हे तुला ठाऊक नव्हतं, मलापण नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर मीसुद्धा मानलं होतं की मी तशीच आहे. जेव."

डॉक्टरांनी उपाय सुचवला होता. कानामागे कातडीखाली एक पातळ चकती बसवायची, तिच्यापासून मेंदूत खोलवर दोन केसाएवढ्या तारा सोडायच्या. ठिणगी पडणार असं दिसताच चकती उलटा हलका झटका देते आणि ठिणगी जागेवर विझते. धोका फार नव्हता. पण त्यांनी एक गोष्ट लपवली नाही. "खाडे थांबले की फटी बुजवणाऱ्या भागाला काम उरणार नाही. ती जी तुमची विलक्षण शक्ती आहे, ती हळूहळू मंदावेल. अंगवळणी पडलेलं जग बदलेल. हा निर्णय तुमचा. हणमंतरावांची सही मला नको आहे."

सारिकानं कागद ओढून स्वतः सही केली. शेवटच्या अक्षराखाली तिनं जरा मोठी रेघ मारली.

दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. जखम भरायला दोन आठवडे दिले आणि मग एका सकाळी डॉक्टरांनी चकती सुरू केली. काहीच झालं नाही. सारिकाला वाटलं, यंत्र बिघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "गच्चीवर जाऊन बसा थोडा वेळ. ऊन आहे."

गच्चीवरून मिरज जंक्शनचे रूळ दिसत होते. हणमंत कठड्याला टेकून उभा राहिला. एक मालगाडी आली. पहिल्यांदा इंजिन, मग डबे. सारिकानं आयुष्यात शेकडो गाड्या पाहिल्या होत्या. तिच्या लेखी गाडी अशीच असायची : डबे येतात, मग एकदम पुढचेच डबे असतात. फाटकाजवळ पोरं डबे मोजत तेव्हा त्यांचा आकडा कसा जुळतो याचं तिला लहानपणी नवल वाटायचं. आता एक डबा गेला, त्याच्या मागून दुसरा आला, आणि दुसऱ्याच्या मागून तिसरा. कुठंच काही तुटेना. तिनं मोजायला सुरुवात केली, मनातल्या मनात, श्वास अर्धा धरून. वीस झाले. तीस झाले. चाळीसच्या पुढे तिचे ओठ हलायला लागले. मधे कबुतरांचा थवा गच्चीवरून उडाला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अख्खा गेला, आणि तरी तिचा आकडा सुटला नाही. शेवटचा डबा पुलाखाली शिरला. त्याच्यामागे रूळ मोकळे झाले आणि उन्हात चकाकत राहिले.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

हणमंतही मोजत होता, कधीपासून ते त्याचं त्यालाच माहीत. "अठ्ठावन्न," तो म्हणाला.

सारिका सिमेंटच्या बाकावर बसली. "दादा, तुम्हा सगळ्यांना हे रोज दिसतं?"

"काय?"

"हे सगळं. एकाला एक लागून."

हणमंतनं रुळांकडे पाहिलं, कबुतरांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "दिसतं. पण आम्ही बघत नाही गं."

ती दोघं दुपारपर्यंत तिथंच होती. नर्स दोनदा बोलवायला येऊन परत गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर मुजावर स्वतः वर आल्या आणि काही न विचारता त्यांच्याशेजारी बसल्या. सोलापूरकडून येणारी गाडी तिघांनी मिळून पाहिली.

पुढचे आठवडे मात्र सोपे नव्हते. जग फार होतं. माणसं किती बोलतात आणि त्यातलं किती विनाकारण असतं हे तिला पहिल्यांदा कळलं. संध्याकाळपर्यंत ती थकून जायची. पूर्वी हणमंतनं तोंड उघडायच्या आत त्याला काय म्हणायचंय ते तिला कळायचं, त्याचा चहा, त्याची चप्पल, त्याचा वैताग, सगळं आधीच हातात तयार असायचं. आता ते पुसट होत चाललं होतं. एकदा तो दारात उभा राहिला आणि ती नुसती बघत राहिली. "काय पाहिजे?" तिनं विचारलं. बारा हजार वेळा न विचारलेला प्रश्न ऐकून त्यालाही क्षणभर चुकल्यासारखं झालं. "टॉवेल," तो म्हणाला, आणि मग स्वतःच जाऊन घेतला.

सारिकाच्या मुलीचं नाव ऋतुजा होतं. ती एकवीस वर्षांची होती आणि सोलापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकत होती, एवढं हणमंतनं कुठून तरी काढून ठेवलं होतं. त्याला वाटत होतं की डॉक्टरांचा अहवाल तिला पाठवावा, शिक्क्यासकट.

"नको," सारिका म्हणाली. "अहवाल पाठवला तर ती अहवालाला भेटायला येईल."

तिनं फोनवर स्वतःच्या आवाजात निरोप ठेवला. मी सारिका खोत, तुझी आई. तुला भेटायची इच्छा आहे. तू नको म्हणालीस तरी चालेल. तेरा दिवस काही आलं नाही. चौदाव्या दिवशी एक पत्ता आला आणि शनिवारची वेळ.

सारिका एकटी गेली. हणमंत तिला स्टँडवर सोडायला आला, खिडकीपाशी उभा राहिला, आणि गाडी हलली तरी त्यानं एकही सूचना दिली नाही. त्यासाठी त्याला किती जोर लावावा लागला ते त्याच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

वसतिगृहाच्या कँटीनमध्ये ऋतुजा आधीच येऊन बसली होती. उंच, सावळी, केस मागे ओढून बांधलेले. तिनं वाकून नमस्कार केला, पण बसताना खुर्ची थोडी मागे घेतली.

"मला सांगितलं होतं की तुम्हाला काही कळत नाही," ती म्हणाली. "लहानपणी मी विचारायचे, आई का येत नाही. तर आजी म्हणायची, तिला तू झालीस हेच लक्षात नाही."

सारिकानं मान हलवली. ऋतुजा बोलत गेली. आधी तुटक, मग रागानं, मग राग संपून नुसतंच. दहावीत तिला देवीसारखं तापाचं पुरळ आलं होतं तेव्हाचं, वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचं, शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं याचं. चहा निवला. पाऊण तास झाला असेल. सारिकानं एकदाही मधे तोडलं नाही. एकेक वाक्य सुरू होत होतं, शेवटापर्यंत जात होतं आणि तिच्यात जाऊन थांबत होतं.

"तुम्ही काहीच बोलत नाही," ऋतुजा थांबून म्हणाली.

"ऐकतेय. एकवीस वर्षांचं आहे, वेळ लागेल."

ऋतुजानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला खरंच आठवते मी? तेव्हाची?"

सारिकानं तिला गुरुवार सांगितला. खोली, वकील, कागद, पदर. तीन बोटं. ऋतुजा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, मग तो तिनं टेबलाखाली घेतला.

"सही मामानं केली होती ना? तुमच्या भावानं?"

"हो. आणि त्यानंच मला इतकी वर्षं सांभाळलं, स्वतःचं काही न करता. दोन्ही खरं आहे. एक ऐकलंस तर दुसरंपण ऐकावं लागेल."

पाचच्या गाडीची वेळ होत आली होती. सारिकानं पिशवी उचलली. ऋतुजा उठली नाही.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे पाहुण्यांची खोली असते. रेक्टर मॅडमना सांगून ठेवलंय मी. म्हणजे, लागलीच तर म्हणून."

सारिकानं फोन काढून गावी लावला. पहिल्याच रिंगला हणमंतनं उचलला.

"दादा, मी आज येत नाही."

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला. "पोरगी... कशी आहे?"

सारिका उत्तर देणार, तेवढ्यात ऋतुजानं टेबलावरून हात पुढे केला, तळवा वर करून. सारिकानं फोन त्या हातात ठेवला.

"मामा," ऋतुजा म्हणाली, "मी बोलतेय."

पलीकडून हणमंत काय म्हणाला ते सारिकाला ऐकू आलं नाही. ती फक्त मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. ऋतुजा ऐकत होती, भुवया आवळून, पुष्कळ वेळ. मग ती फोन कानाला तसाच धरून सरकली आणि समोरची खुर्ची सोडून आईच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.